सागवानाचा हलका बोर्ड

१ मार्च, रविवार
दीपेशने सर्फबोर्ड बनवला. लाकडी, आतून पोकळ. वजन नऊ किलो. सुचिताने सकाळपासून हे चारदा सांगितलं. बायको माझी, पण भाऊ तिचा, ती सांगणारच. नागावच्या बीचवर बनाना राइड चालवणारा माणूस यूट्यूब बघून बोर्ड करतो आणि अख्खं गाव फोटो काढायला धावतं. आमच्या शिवानीने तर डीपीला मामा आणि बोर्ड लावला. आधी तिथे माझ्या वाढदिवसाचा फोटो होता. मी जेवलो नाही.

१९ एप्रिलला काशीदला सर्फिंगची स्पर्धा आहे. शिवानी मामाचा बोर्ड घेऊन उतरणार म्हणे.

ठरलं. ती बापाचा बोर्ड घेऊन उतरेल. न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरच्या वजनकाट्यावर माझी अर्धी नोकरी गेली. वजन हा विषय मला कोणी शिकवू नये. टार्गेट आठ किलो.

४ मार्च, बुधवार
लाकूड आणलं. सागवान. दीपेशने देवदार वापरलाय, म्हणजे खोक्याचं लाकूड. सुतार म्हणाला, सागवान जड पडेल. मी म्हटलं, बोर्ड पोकळच करायचाय, पोकळीला कसलं वजन. तो पैसे मोजू लागला. पटलं असावं.

१५ मार्च, रविवार
सांगाडा तयार. मधे कणा, त्याला आडव्या बरगड्या, माशासारख्या. त्यावर पट्ट्या चिकटवल्या की झालं. सांगाडा उचलताना कमरेत उसण भरली. दिवसभर आडवा.

दीपेश बघायला आला. बरगड्यांना मोठी भोकं पाडा, वजन उतरेल म्हणाला. सल्ला कोणी मागितला नव्हता. मग तो आणि शिवानी ओसरीवर लाटांबद्दल तासभर बोलत बसले. माझ्याशी ती वायफाय बंद पडलं की बोलते.

१६ मार्च
बरगड्यांना भोकं पाडली. ही कल्पना माझ्या डोक्यात आधीपासून होतीच.

२९ मार्च, रविवार
पट्ट्या रंधून पातळ करतोय. एका जागी रंधा आरपार गेला. ठिगळ लावलं. मग त्या ठिगळाला आधार म्हणून आतून आणखी एक. ठिगळ वजनात धरायचं नसतं, ती दुरुस्ती असते.

सुचिता म्हणाली, भुशाने सोलकढी खराब झाली. दीपेशच्या घरी भुसा होत नसेल बहुतेक.

५ एप्रिल, रविवार
आज बोर्ड बंद करायचा दिवस. नेमका दीपेश हजर. म्हणे, हवेसाठी एक भोक ठेवा, त्याला पितळी स्क्रू बसवा. उन्हात उघडा ठेवायचा, पाण्यात जाताना बंद करायचा. नाहीतर आतली हवा तापून फुगते. "भावोजी, ऐका माझं, जोड सुटंल."

आमच्या घराण्यात चार पिढ्या होड्या होत्या. समुद्रात जायच्या वस्तूला स्वतःच्या हाताने भोक पाडलेलं कोणी ऐकलंय? शिवाय पितळ म्हणजे वजन. माझं वजन वाढवायचा हा सरळसरळ डाव. भोक न ठेवता बोर्ड बंद केला. चिकटवताना गोंद जरा जास्तच ओतला.

७ एप्रिल, मंगळवार
शेजारच्या विनेशच्या टेम्पोतून बोर्ड यार्डात नेला आणि काट्यावर ठेवला. १० किलो! ट्रकचा काटा, दहाच्या पटीतच दाखवतो, हे मला माहीत आहे. पण दाखवले ते दहाच. पावती छापून घेतली. गाडी नंबरच्या जागी 'शिवानी' टाकलं. घरी येऊन फ्रिजवर लावली.

दीपेश नऊ म्हणतो. त्याच्याकडे पावती आहे?

११ एप्रिल, शनिवार
जनी कोळीण मासे घेऊन दारात आली. शिवानीने गंमत म्हणून तिच्या हुकच्या काट्याला बोर्ड लटकवला. जनी म्हणाली, "साडेचवदा हाय." मी म्हटलं, मासळीचा काटा, मासळीपुरता. जनी भडकली आणि पापलेटं न देताच निघून गेली. सुचिताने दुपारी पिठलं केलं.

शिवानीने बोर्ड उचलून बघितला. हलका वाटतोय बाबा, म्हणाली. पोरीला समज आहे.

१८ एप्रिल, शनिवार
आज सगळ्यांसमोर तिला विचारलं, उद्या कोणता बोर्ड? ती म्हणाली, बाबांचा.

मी तिच्याकडे न बघता दीपेशकडे बघत होतो. तो बरं म्हणाला, हसलासुद्धा. नाटक. आतून जळत असणार, मला तो वास ओळखीचा आहे. बोर्डाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

१९ एप्रिल, रविवार. काशीद, दुपार
दीपेशने आपला बोर्ड मंडपात झाकून ठेवला, स्क्रू उघडा करून. मी माझा ठेवला भर उन्हात, वाटेवर. लोकांना दिसायला नको?

शिवानीचा नंबर यायच्या जरा आधी बोर्डातून कट् असा आवाज आला. बारीकच. ती बाजूलाच बोर्डाची दोरी पायाला बांधत होती, मान खाली. पलीकडे दीपेश उभा. मी तोंड उघडलं असतं तर तिने त्याचा बोर्ड घेतला असता. मी म्हटलं, जा बाळा.

पहिली लाट चुकली. दुसरीला बोर्डाचं नाक पाण्याखाली गेलं, ते वर आलंच नाही. बोर्ड पाणी पीत होता आणि ती त्याला पोटाशी धरून ढकलत होती. बाकीच्या मुली तिच्या बाजूने सरसर निघून गेल्या. शेवटी दीपेश कपड्यांसकट आत शिरला. दोघांनी ओढत आणला. शिवानी शेवटची.

दीपेशने तिला टॉवेल गुंडाळला फक्त. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळ
परतताना टेम्पोत मागे आम्ही दोघंच. मी तिला समजावलं की आज समुद्रच विचित्र होता, भरतीची वेळ चुकली, गोंद भेसळीचा निघाला.

तिने विचारलं, "बाबा, कट् वाजलं ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

मी म्हटलं, कसलं कट्?

रेवदंड्याच्या पुलापर्यंत ती बाहेरच बघत होती.

"मला आलं होतं," ती म्हणाली. "मामा बघत होता, म्हणून मी तुमचाच घेऊन गेले."