आरशाला टांगलेली पोटली

बाबा, तुमच्या तेरवीला मी ओट्यावर उभी राहून जे सांगितलं त्यात चूक होती, ती आधी दुरुस्त करते. मी म्हणाले होते की जीपच्या आरशाला टांगलेली ती लाल पोटली तुमच्या डोक्यातून निघाली, आणि रडणारं पोर कसं रमवायचं हे तुम्हाला उपजतच कळायचं. घाटंजीच्या स्टँडवरचे तुमचे सोबती डायवर डोळे पुसत होते. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तेव्हा बारावीत होते, लोकांना जे ऐकायचं होतं ते मला पाठ होतं, ते मी म्हणून दाखवलं. पोटली तुमची नव्हती, आईची होती. ती लालही नव्हती, आईच्या जुन्या विटकरी लुगड्याच्या तुकड्याची होती. दुरुस्त करायचंच तर सगळं करते. मी बोलत होते तेव्हा आई आतल्या खोलीत बायांच्या घोळक्यात बसली होती आणि तिला माझा शब्द न् शब्द ऐकू जात होता. ती काही बोलली नाही. आपल्या घरात ती कधी बोलते?

तुम्ही नेहमी म्हणायचात की काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि एक पोट्टं रडलं की भरलेली जीप रिकामी होते. घाटंजी ते यवतमाळ. पत्रा तापलेला, मागच्या बाकावर माणसाला माणूस चिकटलेला, आणि कोणाच्या तरी मांडीवरचं लेकरू किंचाळायला लागतं. त्याची आई उतरते, मागून सासू उतरते, पिशव्या उतरतात आणि सगळे समोरच्या एसटीकडे चालायला लागतात. अशाच एका दिवशी आई मला घेऊन माहेरी निघाली होती. मी जेमतेम तीन वर्षांची असेन, मला आठवत नाही. दादा तुमच्या शेजारच्या सीटवर होता, त्याने मला सांगितलं. आईने माझ्यासाठी पोटली बांधून घेतली होती. आत छोट्या छोट्या चिंध्यांच्या गाठी. एकीत चिंचोके, एकीत रिकामी रिळं, एकीत दोऱ्यात ओवलेली मोठी गुंडी, जी ताणली की भिंगरीसारखी गुणगुणते, एकीत बिनचेहऱ्याची बाहुली. गाठी मुद्दाम घट्ट मारलेल्या, कारण अर्धा वेळ सोडवण्यातच जातो. तिचा नियम एवढाच की पोराच्या हातात एका वेळी एकच गाठ द्यायची. दोन दिल्या की ते दोन्ही फेकतं. मागच्या बाकावर कोणाचं तरी पोर रडायला लागलं तेव्हा आईने मागे हात करून एक गाठ दिली. पोर गप्प झालं. तुम्ही ते आरशातून पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी पोटली त्याच आरशाला टांगलेली होती.

त्यानंतर रोज सकाळी चहाआधी आई ती नव्याने भरायची, कारण पोरं काही ना काही घरी घेऊन जायचीच. भरली की चौकटीजवळच्या खिळ्याला अडकवायची. तुम्ही बाहेर पडताना वर न बघता हात उंचावून ती काढून घ्यायचात, खुंटीवरची टोपी काढावी तशी. वर्षभरात तुम्ही सगळ्या मार्गावर 'पोट्ट्यायचा डायवर' झालात. बाया तुमच्या जीपसाठी दुसरी जीप सोडू लागल्या. डावीकडचे पांढरे बैल तुझे, उजवीकडचे माझे, हा वाटेवरचे बैल मोजायचा खेळही आईचाच होता. घरी आल्यावर मात्र तुमच्यात आमच्यासाठी एक खेळ उरलेला नसायचा. तुम्ही खाटेवर पडायचात आणि म्हणायचात, "ह्यायले बाहेर घेऊन जाय, डोकं उठोलं."

न्यायाने बोलायचं तर मला अक्षरं तुम्ही दाखवलीत. गावात तेव्हा बालवाडी नव्हती, शाळेला मी लहान होते. सकाळी जीप धुण्याआधी तुम्ही मला आत बसवायचात आणि बाहेरून धुळीच्या काचेवर बोटाने अक्षर काढायचात. मी आतून ओरडून सांगायची. त्या खेळासाठी मी तोंड न धुता धावत यायची, हेही खरं आहे. पण आतून अक्षर उलटं दिसतं हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. मी पहिलीत गेले तेव्हा माझ्या पाटीवर सगळी अक्षरं उलटी, आणि गुरुजींनी माझा कान असा पिळला की संध्याकाळपर्यंत तो गरम होता. आईने ती अक्षरं ओट्यावर चिंचोके मांडून एकेक करून सरळ केली. मी रोज चुकायची, ती रोज चिंचोके गोळा करून पुन्हा मांडायची. तुम्ही जीपमध्ये हसून सांगायचात, "माही पोट्टी उलटंबी वाचते." पुढचं सांगायचा नाहीत.

आईचं नाव जीपमध्ये सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. मी पुढच्या सीटवर आहे, आरशाखाली. मागे एक बाई तिच्या नातवाला गाठ सोडवताना बघते आणि म्हणते, "काहो डायवरभाऊ, तुमाले हे असं सुचते कसं?" तुम्ही गियर टाकत म्हणता, "सुचते बाप्पा. लेकरायचं मन वाचा लागते." मी म्हणते, "माह्या आईनं केलं ते." तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "गप बस. तुले कोनं इचारलं?" मागून कोणीतरी हसतं, "पोट्टी मायच्या पार्टीची दिसते!" आणि सगळी जीप हसते, तुम्हीही हसता. यवतमाळला उतरल्यावर तुम्ही मला गुलाबी काचांचा प्लास्टिकचा चष्मा घेऊन दिलात. तो मी घातला. परतीच्या वाटेवर सगळं शिवार गुलाबी दिसत होतं आणि घाटंजीपर्यंत मी तो काढला नाही.

मी चौथीत असताना गावात बालवाडी निघाली. सरपंचबाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, वहिनीले पाठवा. लेकरं त्यायच्यापाशी जशे राह्यतेत तशे कोनापाशीच नाही राहत." आई चहा घेऊन दारात आली होती. तिचं तोंड हो म्हणायला उघडलं होतं. मी चुलीजवळून बघत होते, मी पाहिलं. तुम्ही खाटेवर बसल्या बसल्या बूट काढत म्हणालात, "त्याच्यात सांभाळाचं काय हाय? पोट्टे त घरीबी खेळतेत. पोट्टे खेळवणं हे काय काम हाय का?" सरपंचबाई हसल्या, उठून जाता यावं म्हणून माणूस हसतो तसं. आईने कप खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं. तुम्ही सवयीने हात उंचावलात, तो थोडा वेळ तसाच वर राहिला, मग तुम्ही निघून गेलात. त्या दिवशी दादा तुमच्यासोबत होता. तो सांगत होता की स्टँडवर दोनदा भरलेली जीप रिकामी झाली, आणि एका म्हातारीने विचारलं, "आज पोटली कुठी गेली गा?" संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी अंगणातच थांबले होते. मला वाटलं आता तुम्ही आईला काहीतरी म्हणाल. चूक झाली म्हणणार नाही हे मला कळत होतं, पण निदान मागाल. तुम्ही दोरीवरचं फडकं काढलंत, झटकलंत, खिळ्याला अडकवलंत आणि पाय धुवायला गेलात. सकाळी ते भरलेलं होतं. बाबा, तुमच्या बोलण्याचा मला राग आहेच. पण त्या फडक्याचा जितका आहे तितका कशाचाच नाही. तुम्ही तिला मागितलंसुद्धा नाहीत.

हे सगळं आता का काढलं, तर मागच्या महिन्यात मी लेकीला घेऊन यवतमाळहून गावी निघाले होते. लेक दीड वर्षाची आहे. एसटी शहराबाहेर पडली आणि तिने रडायला सुरुवात केली. मी मोबाइल दिला. थोड्या वेळाने रेंज गेली, चित्र थांबलं आणि ती दुप्पट जोराने रडायला लागली. मग मी पोटली काढली. तसलीच, आईने माझ्या लेकीसाठी बांधलेली. फक्त चिंचोके मी काढून टाकलेत, घशात जातील या भीतीने मला झोप लागत नाही. पहिली गाठ सोडवता सोडवता ती शांत झाली. समोरच्या सीटवरची म्हातारी पुढे वाकली. "बाई माय! असी पोटली त त्या पोट्ट्यायच्या डायवरची राहे. लय गुनी मानूस. माहे चारही पोट्टे त्याच्याच जीपमंदी मोठे झाले. तू कोन व्हय त्याची?" मी म्हणाले, "लेक." "मंग काय! बापाचा गुन लेकीत उतरला." आणि मी हसले. गाडी भरलेली होती, लेक मांडीवर होती, म्हातारी एवढ्या मायेने बोलत होती. मी पुन्हा तेच केलं जे तेरवीला केलं होतं. घाटंजी येईपर्यंत मला माझीच शिसारी आली होती.

घरी पोहोचले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गेल्या वर्षापासून निंदणाला जाणाऱ्या बाया सकाळी आपली लेकरं आईपाशी सोडून जातात. पूर्वी ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाखाली पडलेली असायची, साप-विंचवाच्या भरवशावर. कोणी आईला सांगितलं नव्हतं, एकीने विचारलं, मग दुसरीने विचारलं. माझी आई, जी आमच्या घरात जन्मभर 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलली, ती तिथे सारखी बोलत होती. "बैल पानी पेले का सारे? चाला, आता बकऱ्यायची पाळी." एक उघडं पोट्टं म्हणालं, "आजी, मी बकरी नाही व्हय. मी टॅक्टर हाय." "हाव का? मंग टॅक्टरनं चुपचाप डिझेल प्यावं, आन् पोरीले धक्का देऊ नोये." त्याने एका दमात पेला रिकामा केला. आई खदखदून हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

त्याच दुपारी पुण्याहून दादाचा फोन आला. "पोळ्याले येतो अन् दुसऱ्या दिशी, तान्ह्या पोळ्याले, आईले घेऊन निघतो. पोट्ट्यायनं बेजार केलं इकडं, बाई टिकून नाही राह्यली." मी म्हणाले, "दादा, आईच्या ओट्याचं काय?" "कोणता ओटा?" "बायांची लेकरं असतात इथे." तो हसला. "अवं, ते काय काम हाय का? पोट्टे तिथं खेळवते, इथं खेळवन." बाबा, तो तुमचाच आवाज होता. आणि तो दादा आहे, ज्याने त्या पुढच्या सीटवरून आईचा हात मागे जाताना पाहिला होता. गेल्या वेळी आई पुण्याला दोन महिने राहिली. सातवा मजला, दार बंद, पोरं टीव्हीसमोर. तिने चिंचोके मांडले तर वहिनीने ते कचऱ्यात टाकले. वहिनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही तेच केलं असतं. पण आई दिवसभर गॅलरीत उभी राहून खालच्या गाड्या बघायची. या वेळी दोन महिन्यांची गोष्ट नाही, दादा तिला कायमची नेतो आहे. ती गेली की ओटा मोडला, आणि लेकरं परत धुऱ्यावर. आईने माझ्या हातातून फोन घेतला, "बरं" म्हणाली, आणि भिंतीवर चढलेल्या त्या टॅक्टरला खाली उतरवायला बाहेर गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या गोठ्यात तुम्ही बैलांचे खांदे लोण्याने आणि हळदीने मळायचात. वर्षभर जू ओढून कातडी घट्ट झालेली असायची. मळून झालं की हात जोडून तुम्ही बैलाच्या कानाशी म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इतक्या हळू आवाजात तुम्ही घरातल्या कोणाशीही कधी बोलला नाहीत. आपल्यात बैलालाही आदल्या दिवशी विचारतात, बाबा. आईला कोणी विचारलं? बालवाडीच्या वेळी तुम्ही नाही विचारलंत. आता दादाने नाही विचारलं.

आणि मीही नाही. दिवाळीनंतर मला कामावर रुजू व्हायचं आहे. लेकीसाठी पाळणाघर शोधते आहे असं मी नवऱ्याला सांगितलं, पण मी एकही पाळणाघर बघायला गेले नाही. यवतमाळला माझ्या घरी मागच्या खोलीत मी एक पलंग लावून ठेवला आहे, आईला खिडकी आवडते म्हणून खिडकीखाली. चौकटीजवळ खिळासुद्धा ठोकला आहे. दादाशी भांडायचं मी ठरवलं, तेव्हा तो खिळा माझ्या डोळ्यांसमोर होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून पोटलीच्या एका गाठीत बांधते. लेकीला अलीकडे कागद फाडायला फार आवडतं. बसमध्ये त्या गाठीची पाळी आली की लेक ती सोडवेल, फाडत बसेल, घाटंजीपर्यंत रमेल, आणि मी तिच्या हातातून काढून घेणार नाही. दादा पोळ्याला येतो, मी त्याच्या आधी पोहोचते. आईला समोर बसवून विचारायचं की तुला काय करायचं आहे, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसायचं. पुणं म्हणाली तर पुणं, ओटा म्हणाली तर दादाशी मी बोलेन. पलंगाचं नाव काढायचं नाही. गुरुवारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांना आवतण द्यायच्या आधी.