दुखवट्याच्या घरी डबा

गुरुवार, दिवेलागण

आज माझ्या लेकीचा, नेहाचा, अमेरिकेहून फोटो आला. तो बघून माझी जपमाळ अर्धवट राहिली. गोळीबारात मुलगा गेलेल्या घरी ती डबा घेऊन उभी. त्या मुलाचा धाकटा भाऊ सूड घ्यायला बाहेर पडू नये म्हणून सोबत बसायचं, हेच तिच्या संस्थेचं काम.

फोनवर म्हटलं, "सोड ती नोकरी."

"आई, शेजारच्या सुतारकाकांचे वडील गेले, तेव्हा पिठलं-भाताचा डबा तूच माझ्या हाती दिलास ना?"

दिला होता. पण इथे बंदुका कुठे होत्या? मग काय, डबा नेऊ नकोस म्हणू?

शेवटी लिहिलं: दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तू मात्र म्हण. तुझी वाट बघत तरी तो धाकटा घरात थांबेल. आणि तू घरी पोचलीस की लगेच कळव.