साध्या अक्षरांतलं पत्र

कोकणीपुरा, नाशिक
१४ फेब्रुवारी १९३६

प्रिय जमील,

नवऱ्याचं नाव घेऊन पहिल्यांदाच लिहिते आहे. अम्मींना कळलं तर रागावतील. त्या बऱ्या आहेत. अब्बांचा दमा थंडीत वाढला होता, आता उतरला.

तुम्ही कोबेला जाण्याआधीचे ते चार महिने आठवतात? पेढीने तुम्हाला जपानी शिकायला फोनो, तबकड्या आणि पुस्तक दिलं होतं. दुपारची जेवणं उरकली की आपण माडीवर बसायचो. नुसतं ऐकून तुम्हाला शब्द सुटे होत नसत, नुसतं वाचून मला अर्थ लागत नसे. मग तबकडी वाजताना मी ओळीवर बोट फिरवायचे आणि दोघं मागोमाग म्हणायचो. महिन्याभरात मीच पुढे गेले. तुम्ही हसून म्हणालात, "बरंच झालं. तिथला बाजारहाट तुलाच करायचा आहे. वर्षभरात बोलावून घेतो." त्याला आता तीन वर्षं होतील. तुमच्यामागे मी रोज तबकडी लावत राहिले. अम्मी विचारायच्या, एवढं शिकून काय करणार? मी म्हणायचे, जाईन तेव्हा मुकी नको जायला.

मागच्या आठवड्यात कोबेहून पत्र आलं. अक्षर तुमचं नव्हतं. सगळं जपानीत, पण साध्या मुळाक्षरांत, लहान मुलांसाठी लिहावं तसं. तरी डोळ्यांनी उलगडेना. म्हणून माडीचं दार लावून मोठ्याने वाचलं. माझ्याच आवाजात पहिला शब्द कानांवर आला: ओनेएसान. थोरली बहीण.

पत्र लिहिणारीचं नाव फुमी. नाशिकला तुमची बहीण आहे आणि तिला जपानी वाचता येतं, असं तुम्ही तिला सांगितलंत. तुमच्या मुलाला दहाव्या महिन्यात पहिला दात आला. तुम्हालाही असाच उशिरा आला होता का, असं ती विचारते. मला सोपं जावं म्हणून सोप्या अक्षरांत लिहिलं, असंही म्हणते.

चार दिवस गेले. मग अम्मींना सहज म्हणून विचारलं, आणि काल फुमीला तुमच्या दातांचं कळवलं. खाली लिहिलं, तुमची नणंद. तिचं आणि त्या लेकराचं काय चुकलं? ती विचारेल तेव्हा तुम्ही गोंधळू नये, म्हणून हे पत्र. आता तलाक लेखी पाठवा, अब्बांच्या नावे नको, माझ्या नावे. घरच्यांना मी सांगेन. मुलाचं नाव तिने लिहिलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

एकेकाळी तुमचीच असलेली,
नसीम