रानाचा घास

माय, तू जाऊन आता आठ वर्षं होत आली. तुला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर वाचून दाखवायलाही मलाच यावं लागलं असतं. आज कनेरगाव नाक्याला सासरी बसलेय. आम्ही सुट्टीवर आलोय, दुपारची जेवणं उरकून सगळी आडवी झालीत, आणि एक गोष्ट काही केल्या पोटात राहत नाही. मी सिंह-तरसांच्या रानात तंबूत रात्र काढून आले. तू असतीस तर कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "काहून गं? घरदार न्हाई का तुला?"

घरदार म्हणजे तुझा जीव की प्राण. आपलं बिऱ्हाड मेंढरांमागचं. ज्वारी निघाली की ज्याला त्याला वावरात मेंढरं बसवून हवी असायची. रात्रभर ती बसली की लेंड्यांचं खत पडायचं आणि बदल्यात आपल्याला धान्य मिळायचं. सिद्धेश्वरच्या कॅनॉलपासून औंढ्याच्या माळापर्यंत आपण किती वावरांत निजलो त्याला गणती नाही. संध्याकाळी तुझे कारभारी, माझे दादा, जाळी लावून मेंढरं कोंडतायत, तू तीन दगड मांडून चूल पेटवतेस, मी कोकरांना आवरतेय. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तू तिचा एक तुकडा मोडायचीस आणि जाळीच्या पलीकडं नेऊन ठेवायचीस. रानाचा घास. ज्याच्या रानात निजायचं त्याला आधी, असं तुझं म्हणणं. एकदा मी तुला सांगितलं की माय, तो घास आपलंच कुत्रं खातंय, म्या पाह्यलं. तू चुलीतलं लाकूड सारत म्हणालीस, "मंग? कुत्रं का रानाचं न्हाई?"

पण लांडगा जाळीभोवती फिरला की तू उठून बसायचीस, मला ओढून मांडीशी घ्यायचीस, आणि दादा काठी आपटत ओरडून त्याला हाकलेपर्यंत तुझा हात माझ्या पाठीवर थरथरत असायचा. मला काही वाटायचं नाही. मेंढरांची ऊब, घोंगडीचा वास, आणि तुझ्या काळजाची धडधड कानाशी. तेव्हाच तू ठरवलंस की हे लेकरू भिंतीच्या आत वाढलं पाहिजे. मला उचललंस आणि हिंगोलीला मावशीकडं शाळेला ठेवलंस. लग्न ठरवायला या घरी आलीस तेव्हाही पोराची नोकरी नंतर विचारलीस, आधी दाराची कडी दोनदा लावून-काढून पाहिलीस. "कडी मजबूत हाय," म्हणालीस, "पोरगं बी बराबर असंल." ही गोष्ट सासूबाई अजून आल्या-गेल्याला सांगतात आणि पदर तोंडाला लावून हसतात.

पोरगं बराबरच निघालं, माय. फक्त ह्यांना साखर कारखान्याचं काम मिळालं ते केनियात. आफ्रिकेत. आम्ही दोघं आणि पोरगी, तिघंही गेलो. क्वार्टर छान, खिडक्यांना गज, फाटकावर राखणदार. तरी माझं मन लागेना. पोरगी सात वर्षांची, अंगणात गेली की माझा जीव टांगणीला. साप असेल, कुणी असेल, काही असेल. मीच दिवसातून दहा वेळा दार बंद करायचे. शेवटी यांची तीन वर्षांची मुदत संपत आली, पुढच्या तीन वर्षांसाठी सही करायची वेळ आली, तेव्हा मी सांगून टाकलं, "तुमी राहा. मी लेकराला घेऊन हिंगोलीला जाते." ह्यांनी सहीचा कागद तसाच कपाटात सरकवला. त्यांना फार लागलं होतं. दोन घरं होणार होती, आणि ती मी करत होते. पण तुझं ऐकतच मी वाढलेली: लेकरू उघड्यावर वाढवायचं न्हाई.

जाण्याआधी एकदा जंगल तरी पाहू, म्हणून कारखान्यातल्या दोन कुटुंबांसोबत जीपनं गेलो. दिवसभर पोरगी खिडकीला चिकटलेली. हरणांचे कळप इतके की तू म्हणाली असतीस, एवढी राखायला माणसं किती लागत असतील. उतरत्या उन्हात एका मोकळ्या माळावर तंबू लागले. ना कुंपण, ना जाळी. राखणदार मसाई, म्हणजे तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीतला, उंच शिडशिडीत, अंगावर लाल चादर, हातात काठी. डोक्याला पटका असता तर दादांचा भाऊ शोभला असता. त्यानं बजावलं, ह्यांनी मराठीत सांगितलं, "खाण्याचा कण तंबूत ठेवायचा न्हाई." आम्ही सोबत पोळ्यांचा डबा नेला होता. मी पहिली पोळी मोडली, आणि हातानं आपलं आपणच काम केलं. तुकडा तंबूच्या खुंटीपलीकडं ठेवून आले. तंबूत ठेवायचा नव्हता ना, मग बाहेर ठेवला. माझ्या डोक्यात शंका म्हणून आली नाही.

शंका तरसाला तरी कशाला येईल? सगळे निजल्यावर तो आला. आधी नुसता वास, मग फुरफुर, मग अगदी माझ्या उशाशी, कापडापलीकडं, खाण्याचा आवाज. हे टॉर्च धरून दगडासारखे बसलेले, टॉर्च पेटवायचंच विसरलेले. पोरगी जागी होऊन म्हणते, "आई, कुत्रं आलंय का?" मी तिला ओढून मांडीशी घेतलं. आणि माझ्या तोंडून दादांची हाळी निघाली, "हाऽऽड! हुर्रर्र हाऽऽड!" वीस वर्षांत काढली नव्हती, पण निघाली ती अशी की शेजारच्या तंबूतल्या बाई किंचाळल्या. तरस पळाला. राखणदार कंदील घेऊन धावत आला, खुंटीजवळ वाकून पाहिलं आणि विचारलं, इथं काय होतं? मला खोटं बोलता येईना. सांगितलं सगळं, ह्यांनी जमेल तसं त्याला समजावलं. मला वाटलं आता हा आम्हाला फाडून खाणार. तो ऐकत राहिला, मग उकिडवा बसून पोट धरून हसला. म्हणाला, माझी आईसुद्धा दूध प्यायच्या आधी चारी दिशांना शिंपडते. पण बाई, निजायच्या जागेजवळ न्हाई. मग आवाज चढवून चांगलं खडसावलंही. पळसाला पानं तीनच, माय. जिथं जावं तिथं एक आई काहीतरी शिंपडत असते आणि कुणीतरी तिला रागावत असतं.

त्यानंतर हे उजाडेपर्यंत टॉर्च पेटवून बसले. पोरगी माझ्या कुशीत. लांबून सिंहाचा आवाज यायचा, तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि तो हलत नव्हता. ती निजली. मग मीही निजले, अशी की सकाळी चहाला हलवून उठवावं लागलं. पोरगी बाहेर राखणदाराकडून तरसाची पावलं ओळखायला शिकत होती, केस पिंजारलेले, पायात चप्पल नाही, आणि मी तिला हाक मारली नाही. चहा पिता पिता मी ह्यांना म्हणाले, "सही करून टाका." त्यांनी कप खाली ठेवला. "काहून? काल तर रान अंगावर आलं होतं." मी म्हणाले, "आलं न् गेलं बी." ते हसले, मग माझा रिकामा कप उचलून आणखी चहा आणायला गेले. पुढच्या आठवड्यात इथून परत केनियाला निघतो आहोत, तिघंही.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दुखण्यात, हिंगोलीच्या दवाखान्यात, तू माझा हात धरून म्हणालीस, "लेकरा, लई उघड्यावर वाढवलं तुला. मनात धरू नको." मी म्हणाले, "न्हाई धरत." जसं काही खरंच धरण्यासारखं होतं आणि मी मोठ्या मनानं सोडून दिलं. आता स्वयंपाकघरात चहाची भांडी वाजायला लागली, हा कागद घडी घालून ठेवते. दाखवणार कुणालाच नाही. ह्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी कबूल झाले, सासूबाईंना वाटतं पोरीच्या शाळेसाठी. दोघांनाही तसंच वाटू दे. तुला मात्र खरं सांगते. मावशीच्या पक्क्या घरात मला सोडून तू निघालीस तेव्हा मी रस्त्यापर्यंत रडत आले, आणि तू आयुष्यभर समजत राहिलीस की पोर मायेसाठी रडली. तुझ्यासाठी रडले गं, पण नंतर. आधी मेंढरांसाठी रडले.