भिंतीवरील ओल आणि तिचा कलावंत

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, वामकुक्षीचा त्याग करून

चितेगावभूषण, भगिनीवत्सल, मेहुणेश्रेष्ठ पुंजारामदादा यांच्या चरणी, आपल्या धाकट्या भगिनीच्या पतीचा (अर्थात माझाच) दंडवत आदरपूर्वक रुजू व्हावा. आपल्या गुडघ्यांचे परस्परांशी सध्या कसे आहे? वहिनींचा रक्तदाब आपल्या अनुपस्थितीत उतरतो असे कळले, त्याबद्दल अभिनंदन कोणाचे करावे हे न समजल्याने उभयतांचे करतो. येथे सर्व क्षेम आहे. रुग्ण होती ती केवळ भिंत, आणि तिचेच वृत्त कळवण्यास हा पत्रप्रपंच. (दूरध्वनीवर आपण केवळ ‘हां, हां’ म्हणता आणि कार्यभाग उरकला असे समजता. प्रस्तुत विषयास ते मानवणारे नाही.)

आमच्या दिवाणखान्याच्या पश्चिम भिंतीवर गेली तीन वर्षे ओल विराजमान आहे, हे आपण जाणताच. प्रथम वर्षी ती भाकरीएवढी होती. द्वितीय वर्षी तिने मराठवाड्याचा आकार धारण केला आणि यंदा प्रादेशिक मर्यादा झुगारून ती विदर्भात शिरली. त्या दिग्विजयात आपल्या तीर्थरूपांची तसबीर सापडली व त्यांच्या भरदार मिशीस हिरवट बुरशीचे अंकुर फुटले. आपल्या भगिनीने, सुलेखाने, तसबीर उतरवली, पुसली, पैठणीच्या घडीत ठेवली आणि मजकडे न पाहता निवाडा दिला, “बाबा भिंतीवर परत गेल्याबिगर या खोलीत मी कुणाला च्या देणार नाय.” तेव्हापासून आमचे पाहुणे स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याला टेकून, उभ्याने चहा प्राशन करतात. सदर पाहुण्यांत माझे वरिष्ठ अधिकारीही आले, यावरून माझ्या प्रापंचिक प्रतिष्ठेची कल्पना यावी.

ओलीचे उगमस्थान आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावरील श्री. कारभारी यांचे न्हाणीघर होय, असा माझा (व सुलेखाचाही) सिद्धान्त. श्री. कारभारी हे निवृत्त तलाठी असल्याने कोणतीही गोष्ट आपल्या हद्दीत नाही हे सिद्ध करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. सोसायटीच्या प्रत्येक सभेत मी साधार, सप्रमाण निवेदन करावे आणि त्यांनी पान लावता लावता म्हणावे, “आमचं न्हाणीघर ठणठणीत कोरडं हाय, साहेब. पानी खालून वर चढत असंल.” यावर अध्यक्षा आशाबाईंनी समोसे मागवावेत व सभा संपावी. (समोसे उत्तम असत, हे न्यायास धरून नमूद करतो.)

अशा स्थितीत आमची कन्या श्रेया, जी चित्रकलेचे उच्च शिक्षण घेते असे तिचे शुल्क भरणाऱ्यास वाटते, तनुजा नामक मैत्रिणीस घेऊन आली. ही तनुजा कलाप्रदर्शने योजते; मात्र दालनात नव्हे, लोकांच्या घरांत. तिला चलच्चित्र पाडण्याकरिता एक स्वच्छ भिंत हवी होती. ओल पाहून ती थबकली. उकिडवी बसली. मग कुजबुजली, “काका, हिला हात लावू नका. ही अजून घडतेय.”

दादा, आपल्या बालपणी चित्र म्हणजे किराणा दुकानदाराने दिवाळीत दिलेले कॅलेंडर आणि माध्यम म्हणजे बारा वड्यांची रंगपेटी (पैकी पांढरी वडी सदैव संपलेली). आता कलेने रंग टाकले, चौकट टाकली, क्वचित वस्तूही टाकली. तनुजाच्या मागील प्रदर्शनात एका काळोख्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या. दुसऱ्या खोलीत बर्फाच्या लादीत गोठवलेले लुगडे विरघळत होते. ऐन मे महिन्यात त्या लादीभोवती जी गर्दी लोटली तिला निखळ रसिकता म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि मला ते लुगडे अद्याप स्मरते, आणि कॅलेंडरवरील एकही चित्र स्मरत नाही, हेही खरे.

सुलेखा कडाडली, “भिंत वाळवायची सोडून तिची आरती करता व्हय?” परंतु माझ्या चित्तात एका कुटिल विचाराने जन्म घेतला होता. मी अनुमती दिली. ओलीशेजारी सुबक पाटी लागली: ‘माध्यम: चुना, पाणी, बुरशी, काळ आणि शेजार. कलावंत: अज्ञात.’ यातील ‘अज्ञात’ हे योगदान माझे.

रविवारी रसिकांची रीघ लागली. लोक ओलीपुढे उभे राहून छायाचित्रे काढत. कोणास तीत पक्षी दिसला, कोणास विस्थापन. जिन्यात चपलांचा ढीग पाहून श्री. कारभारी उतरले, पाटी वाचून वर गेले, इस्त्रीचा सदरा घालून पुन्हा उतरले. एका युवतीने तनुजास विचारले, “हा कलावंत सापडेल का हो?” तेव्हा त्यांचा संयम सुटला. त्यांनी तनुजाच्या हातातील ध्वनिक्षेपक घेतला आणि, आशाबाईंसह अख्ख्या सोसायटीसमक्ष, खाकरून म्हणाले, “पानी आपलं हाय. रोज पहाटे माझी आंघोळ झाली की हितं रंग चढतो. लई वर्षांची साधना हाय ही.”

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी माझी होती. टाळ्या शमताच आशाबाई उठल्या आणि म्हणाल्या, “मग कारभारीभाऊ, साधना आटपा अन् उद्यापासून फरशी फोडा.” श्री. कारभारींनी एकवार पाटीकडे पाहिले, जेथे तनुजा ‘अज्ञात’ खोडून त्यांचे नाव लिहीत होती, आणि कलेसाठी फरशीचे बलिदान स्वीकारले. काल त्यांचे न्हाणीघर उखडले गेले. तूर्त त्यांचे सारे कुटुंब स्नानास आमच्याकडे उतरते व गरम पाणी संपवून जाते. विजेत्याने इतके सोसावेच. लवकरच तीर्थरूप भिंतीवर आरूढ होतील आणि पाहुण्यांना बसावयास मिळेल. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, गुडघ्यांस शांतता.

आपला विजयी मेहुणा,
अभय

ता. क. वरील मजकूर मंगळवारचा. आज शुक्रवार. मजकूर फाडून नव्याने लिहिणार होतो, परंतु इतकी डौलदार वाक्ये फाडवेनात. वर नळ बंद, न्हाणीघर उखडलेले, कारभारी खाली नाहत आहेत, आणि ओलीने काल तेलंगणाच्या दिशेने एक टवटवीत शाखा काढली. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब उन्हात वाळवलेल्या पापडासारखा कोरडा निघाला. कारभारी माझ्या सोफ्यावर, ओले केस घेऊन, बसून आहेत.

ता. क. २. नाइलाजाने आमची भिंत फोडली. तिच्या पाठीमागे वॉश-बेसिन आहे. तीन वर्षांपूर्वी “घरात मेहुणा असताना प्लंबर कशाला?” असे म्हणून एका थोर पुरुषाने ते स्वहस्ते बसवले होते. पाइपाच्या सांध्यावर सुतळी गुंडाळलेली आढळली. गाठ आपलीच, वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांवर तीच असते. सुलेखा, जी तीन वर्षे कारभाऱ्यांस दोष देत होती, ती आता म्हणते, “दादाचं काय नाय, पाइपच वाईट आला.”

ता. क. ३. अतएव विनंती की रविवारी पाना, नवा सांधा व कारभाऱ्यांकरिता फरशी (जुनीच नक्षी हवी, असे ते म्हणतात) घेऊन अगत्य येणे करावे. पाटीवर आता आपले नाव आहे. तनुजाने ‘कलावंताशी संवाद’ हा कार्यक्रम ठेवला असून पहिला प्रश्न कारभारी विचारणार आहेत.