चादरीवरचं खातं

सोमवार, २ फेब्रुवारी
आजच्या हशाला खर्च आला तो असा — दोन रविवार, घरातली एक धड चादर, बसलेला घसा आणि बायकोचं एक वाक्य : "तुम्हाला हिशेब शिकवायला ठेवलंय की नकला करायला?" हाती काय लागलं? चार मिनिटांचा हशा. पण खरा!

चादर जमिनीवर अंथरली, मधोमध रेघ. डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे. पोरंच रोकड, पोरंच माल. मी हात दाखवीन त्या बाजूला उडी मारायची. एक जाडा 'कपाट' झाला — दार काही केल्या उघडेना! बावन्न जणांत एकही पेंगला नाही. शेजारच्या वर्गात पुस्तकसर — पुस्तकातून मान वर काढत नाहीत म्हणून हे नाव, मीच ठेवलेलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. चाचणीत निम्मा वर्ग तरी पास झाला पाहिजे. नाहीतर वर्ग पुस्तकसरांना आणि मला नारळ. मी म्हटलं, बाई, मी हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजता मोजता हे शिकलो, मास्तराशिवाय. या पोरांना तर मी आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी
पास नऊ! बेरजा बरोबर, आकडे बरोबर, आणि डेबिट उजवीकडे. आरशात बघून लिहिल्यासारखं. डोकं फिरलं. पहिल्या बाकावरच्या, कधीच न हसणाऱ्या मुलीला गाठलं.
"तुम्ही दाखवलंत तसंच लिहिलं, सर. तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभे होता."
माझं डावं ते त्यांचं उजवं. एवढं साधं!
मग विचारलं का नाहीस?
"सगळे हसत होते, सर."

गुरुवार, १२ फेब्रुवारी
बाईंच्या हातापाया पडून आणखी एक चाचणी मिळवली. सव्वीसला. शेवटची.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
आता वर्गाकडे पाठ करून उभा राहतो. विनोदही पाठीनंच! हसतात, पण उसनं — गिऱ्हाईक वस्तू न घेता भाव विचारतं ना, तसं. कपाट म्हणाला, सर, आधी एकदा नीट सांगा ना, मग हसू. वर तोंड करून हे! यांच्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा, आणि हे मला शिकवणार.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
चव्वेचाळीस पास!! बाईंना तोंडावर सांगितलं — हसत शिकलेलं पोर विसरत नाही. पुढचं सत्र पक्कं. पुस्तकसर तिथंच होते. "अभिनंदन" म्हणाले आणि पुन्हा पानात शिरले. मीही मोठ्या मनानं म्हटलं, या की एखाद्या दिवशी माझ्या तासाला, दोन गोष्टी शिकाल.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
एरवी तीनला निघतो. आज चादर धुवायला न्यायची म्हणून रेंगाळलो. चारला भिंतीपलीकडून कपाटाचा आवाज. मग त्या न हसणाऱ्या मुलीचा. शिपाईमामांना विचारलं, काय चाललंय? त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, बारा तारखेपासून रोज चार ते पाच तुमचाच वर्ग असतो पुस्तकसरांकडे. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं सरांनी बजावलंय.