सड्यावरचं पाणी

वेळणेश्वर,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आबा,

सप्रेम जय भीम. विरारची हवा मानवली का? गुडघ्याला तेल लावता ना? आईला आणि प्रथमेशदादाला सांगा, मी मजेत आहे. हे फोनवरही विचारलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही "हां, हां" करून फोन आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र.

आबा, सड्यावरची, त्या उघड्या कातळावरची खोली उभी राहिली! आणि कसली उभी राहिली! दहा बाय बारा फूट, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि समुद्राच्या बाजूला जमिनीलगत लांबलचक खिडकी. उभं राहिलं तर डोळ्यांपुढे नुसता चिरा. खाली बसलं की दर्या, गवत आणि सोनकीची पिवळी फुलं, सगळं अगदी नाकासमोर. जागेचे मालक फारुकभाई आधी माझ्यावर हसले होते. "एवढा मोठा दर्या, नि खिडकी गुडघ्याला? पावण्यांना रांगायला लावनार काय गो?" आता तेच रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथे बसतात.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे आत पाणी आहे! खोलीच्या मधोमध सड्याचं डबकं जसंच्या तसं ठेवलंय, कडेने चिऱ्याचा ओटा. पाहुणे चपला काढून पाण्यात पाय सोडून बसतात. बेडूक ओरडायला लागले की मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. परवा मुंबईची एक बाई तासभर बसली आणि जाताना म्हणाली, मी शेवटचं असं कधी बसले होते तेच आठवत नाही. मला नाचावंसं वाटलं.

काल एका मासिकाचे लोक फोटो काढायला आले होते. त्यांनी विचारलं, पाण्याची कल्पना कुणाची? मी म्हटलं, माझी.

फारुकभाई शेजारीच होते. आणि एप्रिलमध्येही ते तिथेच होते ना.

आबा, तुम्ही पाया खणण्याआधी तुमच्या रिवाजाप्रमाणे कळशीभर पाणी सड्यावर ओतलंत. ते कुठे जातं ते उकिडवं बसून बघितलंत आणि म्हणालात, "पानी हितंच ऱ्हानार गो बाय, खोली जरा वर घे." आणि मी सहा गड्यांसमोर म्हटलं, "आबा, हा गवंड्याचा अंदाज नाही, मशीनने मोजलेली पातळी आहे. तुम्हाला नकाशा कळतो का?" तुम्ही थापी आणि ओळंबा पिशवीत टाकलात आणि निघून गेलात, ते थेट विरारला. तीस वर्षं चिरा लावलेला माणूस. त्याच मजुरीवर मी नकाशे शिकले.

जुलैमध्ये माझ्या सुंदर फरशीवर पोटरीभर पाणी उभं होतं, बरोब्बर तुम्ही दाखवलंत तिथे. मी त्या पाण्यात उभी राहून रडले. मग दोन बेडूक आले, आणि मला वाटलं, पाण्याला हाकलायचं कशाला? फरशीच काढू. एवढंच माझं डोकं. बाकी सगळं तुम्ही आधीच सांगितलं होतं. मला लाज वाटते, आबा. तुम्हाला बोलले त्याची, आणि काल खोटं बोलले त्याची तर जास्तच.

आज सकाळी त्या मासिकवाल्यांना फोन करून खरं सांगितलं. दाराजवळ एक चिरा बसवलाय, त्यावर कोरून घेतलंय: "इथलं पाणी महेंद्र भिवा सकपाळ यांनी ओळखलं." खाली माझं नाव घालू का, असं फारुकभाईंनी विचारलं. म्हटलं, आबा येऊन बघू देत, मग ठरवू.

फारुकभाईंना आता खाडीच्या वरच्या अंगाला आणखी एक खोली हवी आहे. गडी तयार आहेत, मशीनही आहे. मी अजून कागदावर एक रेघही मारलेली नाही. जागेवर फक्त तांब्याची कळशी नेऊन ठेवलीय, आपल्या घरातली.

ती रिकामी आहे, आबा. भरायला या.

तुमची,
दीक्षा